सीट पुढे घेतली तर काय बिघडतं?

'ॲडजस्ट करणे' हे क्रियापद आपण इंग्रजीतून उचललं, पण घरी आणल्यावर त्याला आपल्या वळणाचं करून टाकलं. इंग्रजीत खुर्चीपासून घड्याळापर्यंत वस्तूसुद्धा ॲडजस्ट करतात. आपल्याकडे ॲडजस्ट करायचं ते माणसाने. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी येते आणि म्हणते, "जरा ॲडजस्ट करा ना." लग्नघरात पाहुणे ॲडजस्ट करतात, सासरी नवी नवरी ॲडजस्ट करते. वस्तू आपली जागा सोडत नाही, माणूस अंग चोरून घेतो!

इतर ठिकाणी हे चालून जातं. मोटारीत मात्र ही सवय जिवावर बेतू शकते, असं माझं स्पष्ट मत आहे आणि आजचं हे सगळं लिहिणं त्यासाठीच.

आपल्या नात्यागोत्यातल्या घरांकडे जरा बघा. घरात गाडी एक, चालवणारे तीन. गाडी ज्याच्या नावावर असते त्याच्या उंचीला सीट लावलेली असते, आरसे त्याच्या डोळ्यांना लावलेले असतात. बाकीचे त्या सीटवर पाहुण्यासारखे बसतात. सूनबाई मुलांना शाळेत सोडायला निघते तेव्हा सीटच्या अगदी कडेवर, पाठ कुठेही न टेकता, स्टिअरिंगला लटकल्यासारखी गाडी चालवते. सीट पुढे का घेत नाहीस म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "नको हो, परत त्यांचं सेटिंग बिघडतं आणि मग ऐकून घ्यावं लागतं." एक लीव्हर ओढायचा, दोन मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांची कुरकुर नको म्हणून ही मुलगी रोज कामणहून चिंचोटीपर्यंत कंटेनरच्या रांगेतून तशीच जाते.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्या हातात चाक त्याची सीट. गाडीचे कागद कुणाच्याही नावावर असोत!

हे मला एवढं का लागतं, तर माझी उंची चार फूट अकरा इंच आहे आणि जन्म शाळेत गेला. शाळेतले बाक आठवतात का? पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना एकाच मापाचे. पाचवीतल्या पोरांचे पाय अधांतरी लोंबकळायचे, दहावीतल्या मुलांचे गुडघे वरच्या फळीला आपटायचे. मग पोरं चुळबुळ करायची आणि शेरा कुणाला मिळायचा? पोरांना. 'वर्गात लक्ष नाही.' बाकाला कधी कुणी शेरा दिला नाही. मागे बसलेल्या मुलाला फळ्यावरचं नीट दिसत नसेल तर तो गणितात कच्चा ठरायचा. पुढे आणून बसवला की तोच मुलगा गणितं सोडवायचा. असं मी एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिलं आहे.

'बायकांना गाडी जमत नाही' हा शेरासुद्धा मला त्याच जातीचा वाटतो. सीट मागे राहिली की पाय पूर्ण पोचत नाही. पाय पोचला नाही की क्लच शेवटपर्यंत दाबला जात नाही. क्लच अर्धवट दाबला की गिअर करकरतो, चढावर गाडी बंद पडते, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत सुटतो. घाम फुटतो, हसं होतं, आणि घरी येऊन ती बिचारी म्हणते, "मला नाही बाई जमायचं." माझ्या ओळखीतल्या दोघीतिघींनी अशाच गाड्या कायमच्या सोडल्या. मी ज्यांच्याकडे शिकले त्यांच्या गाडीची सीट गंजून एका जागी बसली होती. शिकवणारे गृहस्थ भले होते, पण त्यांचा उपाय काय, तर पाठीमागे सोफ्याची उशी! शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला तीच उशी. आता हे ॲडजस्ट करणं झालं की नाही?

या संदर्भात एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकेच्या हवाई दलात विमानांवर ताबा सुटून बरेच अपघात होत होते. वैमानिकांची बसायची जागा 'सरासरी' माणसाच्या मापाने बनवलेली होती. १९५० साली त्यांनी चार हजारांहून जास्त वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातली उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती, ते मोजलं. उत्तर आलं शून्य. चार हजारांत एकही नाही! जो मापच्या माप असेल असं धरून सगळं बनवलं होतं, तो माणूस अस्तित्वातच नव्हता. त्यानंतर हवाई दलाने माणसं बदलण्याचा नाद सोडला आणि हलणाऱ्या सीटा, हलणारे पेडल मागून घेतले. वर्गाची सरासरी काढण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट फार विचार करायला लावते. वर्गाची सरासरी बावन्न निघते, पण बावन्न मार्कांचा मुलगा वर्गात असतोच असं नाही.

तर मग सीट लावायची कशी? यात काही मोठं शास्त्र नाही, पण क्रम आहे. मी 'पायापासून डोळ्यापर्यंत' असा लक्षात ठेवते. गाडी उभी असताना, हँडब्रेक ओढून, सुरू करण्यापूर्वी हे सगळं करायचं. चालत्या गाडीत सीटच्या लीव्हरला हात लावू नये. सीट झटक्यात मागे गेली तर पाय ब्रेकवरून सुटतो.

पहिलं, पाय. पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवून बसा आणि क्लच तळापर्यंत दाबा. तो पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ झाला तर सीट पुढे घ्या, गुडघा स्टिअरिंगखाली अडकला तर मागे. क्लच नसलेल्या गाडीत हीच परीक्षा ब्रेकवर घ्या. घाईत ब्रेक जोरात मारायची वेळ येते तेव्हा वाकलेल्या पायातच जोर असतो. एकदा सीट बसली की ती खाचेत अडकली आहे ना, हे जरा हलवून बघा. पायाखालची चटई पेडलखाली सरकलेली नाही हेही बघून घ्या. पाण्याची बाटली पायाशी ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा, घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक लागत नाही.

दुसरं, उंची. ज्या गाडीत सीट वरखाली होते त्यात कंबर गुडघ्यांच्या पातळीत किंवा जराशी वर येईल इतकी सीट उचला. छत आणि डोकं यांच्यात चार बोटं जागा राहू द्या. आमच्या चिंचोटी ते अंजूरफाटा रस्त्यावर याचं महत्त्व पावसाळ्यात कळतं. खाली बसलेल्या माणसाला बॉनेटच्या पुढचा बराच रस्ता दिसतच नाही, आणि आमच्याकडचे खड्डे नेमके तिथेच असतात!

तिसरं, पाठ. बरेच तरुण सीट आरामखुर्चीसारखी मागे पाडून, एक हात चाकावर ठेवून चालवतात. ऐटीत दिसतं खरं, पण त्यात खांद्याचा पट्टा छातीपासून सुटा राहतो आणि धडक बसली की माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. पाठ जवळजवळ सरळ, किंचित मागे कललेली असावी. याची खूण सोपी आहे. दोन्ही खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. तसं असलं की चाक धरताना कोपर आपोआप वाकलेलं राहतं आणि तासाभराने खांदे भरून येत नाहीत. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी.

चौथं, स्टिअरिंग आणि छाती यांच्यातलं अंतर. बुटक्या माणसांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. आपल्याकडे २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ती पापणी लवायच्या आत फुटून बाहेर येते, तिचा जोर भयंकर असतो. म्हणून चाकाचा मधला भाग आणि छातीचं हाड यांत किमान पंचवीस सेंटीमीटर अंतर ठेवावं असं सांगतात. शाळेतली फूटपट्टी तीस सेंटीमीटरची असते, ती घेऊन एकदा मोजाच. पाय पोचवायला सीट पुढे घेतली की आमच्यासारख्यांचं हे अंतर कमी होतं. मग पाठ थोडी मागे कलवायची, सीट उचलायची, आणि चाक खालीवर होत असेल तर त्याचं तोंड छातीकडे राहील असं ते खाली घ्यायचं, चेहऱ्याकडे नको. खाली उशी घ्यावीच लागली तर पातळ आणि घट्ट घ्या. जाड मऊ उशीवरून अंग घसरतं.

पाचवं, डोक्यामागचा टेकू. त्याला पुष्कळ लोक डुलकी काढायची उशी समजतात, कुणी त्यावर कोट अडकवतात. त्याचं खरं काम मागून धडक बसल्यावर मान झटक्याने मागे जाऊ न देणं. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याला आली तर उत्तम, निदान कानाच्या वर तरी यावी. मानेवर आला तर तो टेकूच घात करतो.

सहावं, आरसे. आतल्या आरशात मान न हलवता मागची पूर्ण काच दिसली पाहिजे. बाहेरच्या आरशांत आपल्याच गाडीचं दार बघण्यात अर्थ नाही, ती कुठे पळून जात नाही! गाडीची जेमतेम कड दिसेल इतके आरसे बाहेर वळवा. तरीही एक आंधळा कोपरा राहतोच, म्हणून वळताना मान वळवून पाहावं. आणि डावा आरसा उघडा हो! बाजाराच्या गर्दीत घासू नये म्हणून मिटलेला तो आरसा महिनोन्महिने मिटलेलाच राहतो. आपल्याकडे मोटारसायकली नेमक्या डावीकडून घुसतात. आरसे सर्वांत शेवटी लावायचे, कारण सीट हलली की डोळा हलतो आणि आधी लावलेले आरसे फुकट जातात.

आणि सातवा पट्टा. याबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण आमच्या पालघर जिल्ह्यातच तो धडा सगळ्या देशाला मिळाला. ४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परत येत होते. मनोरच्या पलीकडे, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मर्सिडीज कठड्यावर आदळली. आम्ही रोज चिंचोटीला ज्याला लागतो तोच हा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, दोघेही गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. रस्ता पुलाशी अरुंद होतो यावरही तेव्हा पुष्कळ लिहून आलं, आणि ते योग्यच होतं. रस्त्याचे दोष रस्तेवाल्यांनी काढावेत, त्यासाठी आपण ओरडलंही पाहिजे. पण रस्ता दुरुस्त होईपर्यंत आपल्या हातात काय असतं? तो पट्टा.

त्या अपघातानंतर मागच्या पट्ट्याची एकदम चर्चा झाली, जणू काही नवा नियम आला. नियम जुनाच होता. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावावा हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासून आहे. पट्टा लावला नाही तर मागचा माणूस पुढच्याच्या सीटवर आदळतो. म्हणजे पुढे बसलेल्या मुलाचा जीवही मागे बसलेल्या आजीच्या हातात असतो. नातेवाईक मंडळींनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावं.

नुसता पट्टा लावणंही पुरेसं नाही, तो जागच्या जागी हवा. आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन या स्वीडिश इंजिनिअरने आणला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. त्यातली युक्ती अशी, की धक्का शरीरातल्या मजबूत हाडांवर घ्यायचा. म्हणून खालचा पट्टा पोटावर नको, पोटाखाली कमरेच्या हाडांवर हवा. वरचा पट्टा खांद्याच्या मधून, छातीवरून हवा, गळ्याला घासणारा किंवा काखेतून घेतलेला नको. गरोदर बाईनेसुद्धा पट्टा लावायचा, खालचा भाग पोटाच्या पुढारलेल्या भागाखालून घ्यायचा. साडीचा पदर, शाल, जाड स्वेटर यांची घडी मध्ये येऊ देऊ नये. गाडीत खांद्याजवळचा पट्टा वरखाली सरकवायची सोय असली तर तो आपल्या उंचीला लावून घ्या. गळ्याला काचतो म्हणून कित्येक बायका पट्टा लावत नाहीत. तो सरकतो हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

उंच पुरुषाचं माप धरून सगळं चालल्याचा परिणाम आकड्यांतही दिसतो. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये समोरासमोरच्या धडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांनीही पट्टा लावलेला असताना स्त्रियांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त निघाली. याचं सगळं कारण सीट लावण्यात आहे असं मी म्हणणार नाही. पण जी गाडी मुळात आपल्या मापाची नाही, तिच्यात दुसऱ्याने लावलेल्या सीटवर बसून आणखी भर कशाला घालायची?

आता मला उत्तरं काय येणार तेही माहीत आहे. "आम्ही चाळीस वर्षं चालवतोय, काही झालं नाही." छान! पण तुमच्या पहिल्या गाडीत बसणारं शरीर आता राहिलंय का? मान पूर्वीसारखी वळत नाही, गुडघा तेवढा दुमडत नाही, चष्म्याचा नंबर बदलला. पंचावन्न ओलांडल्यावर सरकार लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी देतं, डॉक्टरचा दाखला मागतं. म्हणजे शरीर बदलतं हे सरकारला मान्य आहे, फक्त आपल्या सीटला मान्य नाही! आपल्या वयाच्या लोकांनी दर वाढदिवसाला सीट आणि आरसे नव्याने लावावेत असं मी सुचवते. मान वळत नसेल तर बाहेरचे आरसे आणखी थोडे बाहेर काढा. गाडीतून उतरल्यावर कंबर धरत असेल तर 'वय झालं' म्हणण्याआधी सीट तपासा.

दुसरं उत्तर, "एवढा वेळ कुणाला आहे?" चिंचोटीच्या नाक्यावर अर्धा अर्धा तास उभं राहायला आपल्याला वेळ असतो. आणि एकदा आपलं माप कळलं की दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. लीव्हर किती खाचा पुढे, हे पाठ होऊन जातं. नवऱ्याने परत आपल्या खाचा मोजाव्यात. यात भांडण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. लायसन्सच्या परीक्षेत उमेदवाराला काय काय आलं पाहिजे याची त्यात यादी आहे. यादीत सगळ्यांत पहिलं काय आहे ठाऊक आहे? आरसा नीट लावता येणं! गाडी सुरू करण्याआधीची काळजी त्यानंतर, आणि गाडी हलवणं त्याच्याही नंतर. नियम लिहिणाऱ्याला क्रम बरोबर समजला होता. पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिला धडा थेट क्लच-गिअरचा असतो. माझी मागणी आहे की पहिला दिवस गाडी उभीच ठेवावी. शिकणाऱ्याने सीट, चाक, आरसे, पट्टा स्वतःच्या हाताने लावावेत, शिकवणाऱ्याने ते बिघडवावेत, त्याने पुन्हा लावावेत. अक्षर गिरवायच्या आधी आम्ही पेन्सिल धरायला शिकवायचो, तसंच हे.

दुसरी मागणी गाड्या विकणाऱ्यांकडे. कित्येक लहान गाड्यांत चालकाची सीट वर-खाली करायची सोय फक्त महागड्या मॉडेलला देतात. उंची कमी असणं ही काही चैन नाही, तिच्यासाठी लाखभर जास्त का मोजायचे? पण दोष एकट्या कंपनीचा नाही. गाडी बघायला गेल्यावर आपण पडदा किती इंची, छत उघडतं का, मायलेज किती, एवढंच विचारतो. गाडी चालवणार असलेली घरातली प्रत्येक व्यक्ती शोरूममध्येच त्या सीटवर बसवून बघितली पाहिजे. चप्पल घेताना आपण पाय घालून बघतोच ना?

असो. बरंच लांबलं. शिकवायची खोड निवृत्त झाल्यावरही जात नाही. या रविवारी घरात जेवढे गाडी चालवणारे आहेत त्यांनी एकेक करून चाकामागे बसा, मी सांगितलेल्या क्रमाने सगळं लावा आणि आपापल्या खाचा मोजून ठेवा. आणि कुणी "माझं सेटिंग का बदललंस?" म्हणून कुरकुर केली तर खुशाल माझं नाव सांगा. त्यांना मी बघून घेईन!